सेरियम-यॅग : कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिंटिलेटर बनवायचा आणि तपासायचा कसा

नांदेड, लातूर, परभणी, बीडकडच्या कॉलेजांतून भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी डोप केलेल्या (मुद्दाम थोडा परका घटक, म्हणजे डोपंट, घातलेल्या) फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या पदार्थाचा, विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतं. पावडर तयार होते, दिव्याखाली चमकते, स्पेक्ट्रमचा आलेख निघतो आणि शेवटच्या पानावर ‘हा पदार्थ सिंटिलेटर म्हणून उपयुक्त आहे’ असं लिहून वही मिटते. सिंटिलेटर म्हणजे गॅमा, अल्फासारखा किरण पडला की प्रकाश देणारा पदार्थ. आलेख खरा असतो, शेवटचं वाक्य मात्र सिद्ध झालेलं नसतं. ते सिद्ध करण्यासाठी, किंवा प्रामाणिकपणे खोडण्यासाठी, काय काय करावं लागतं ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरण म्हणून सेरियम घातलेलं इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, म्हणजे सेरियम-यॅग घेतलं आहे.

आधी साखळी समजून घ्या

सिंटिलेटरवर गॅमा किंवा अल्फा किरण पडला की तीन गोष्टी घडतात. किरणाची ऊर्जा स्फटिकात जिरते आणि हजारो इलेक्ट्रॉन-होल जोड्या (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) तयार होतात. या जोड्या जाळीतून, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतून, भटकत डोपंटच्या आयनापर्यंत पोहोचतात. आयन उत्तेजित होतो आणि प्रकाश सोडतो. शेवटी मोजायला मिळणारा प्रकाश या तिन्ही टप्प्यांच्या गुणाकाराइतका असतो. एक टप्पा लंगडा असेल तर बाकीचे दोन कितीही चांगले असून उपयोग नाही.

आकडा घेऊन पाहू. सोडियम आयोडाइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, सुमारे ५.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. एक जोडी तयार व्हायला साधारण गॅपच्या अडीच पट ऊर्जा लागते, म्हणजे १४.७५. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमातून मग जवळपास ६७,८०० जोड्या निघायला हव्यात. थॅलियम घातलेल्या सोडियम आयोडाइडमधून प्रत्यक्षात सुमारे ३८,००० फोटॉन मिळतात. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी हा स्फटिक पुढे आणला, तेव्हापासून तो या क्षेत्राचा मापदंड आहे, आणि त्यातही चाळीस टक्क्यांहून जास्त जोड्या वाटेत वाया जातात.

आता प्रकल्पातल्या नेहमीच्या चाचणीकडे पाहा. निळा प्रकाश टाकला की तो थेट सेरियमच्या ४-एफ पातळीतला इलेक्ट्रॉन ५-डी पातळीत उचलतो. पहिले दोन टप्पे इथे येतच नाहीत. म्हणून फोटोल्युमिनेसन्सचा, म्हणजे प्रकाश टाकून मिळणाऱ्या चमकेचा, उत्तम आलेख साखळीची फक्त शेवटची कडी तपासतो. सगळ्यात जास्त नुकसान मधल्या कडीत होतं, कारण जाळीतल्या दोषांमध्ये, म्हणजे ट्रॅपमध्ये, इलेक्ट्रॉन अडकून पडतात. या लेखातली निम्मी धडपड त्या मधल्या कडीसाठी आहे.

यॅगच का

सोडियम आयोडाइड कॉलेजात बनवू नका. थॅलियम जहाल विष आहे, आणि हा स्फटिक हवेतला ओलावा ओढून घेऊन खराब होतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात असे स्फटिक बंद ॲम्प्यूलमध्ये वाढवतात. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे नसते. ल्युटेशियमचे सिंटिलेटर पेट स्कॅनसाठी उत्तम, पण नैसर्गिक ल्युटेशियममध्ये सुमारे २.६ टक्के ल्युटेशियम-१७६ असतो आणि तो स्वतःच किरणोत्सारी आहे, त्यामुळे पार्श्वभूमीची मोजणी कायम मागे लागते.

यॅग पाण्याला दाद देत नाही, घटक मिळण्यासारखे आहेत आणि सेरियम त्यात झपाट्याने चमकून विझतो. क्षयकाल (चमक विझायला लागणारा वेळ) शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास, उत्सर्जन ५५० नॅनोमीटरच्या आसपास, घनता घन सेंटिमीटरला ४.५५ ग्रॅम. याची मर्यादाही आताच सांगतो : यॅगमध्ये जड अणू नाहीत, त्यामुळे गॅमा थोपवायला तो कमकुवत आहे. अल्फा, बीटा आणि इलेक्ट्रॉनसाठी मात्र चांगला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या डिटेक्टरमध्ये तो वापरात आहे. प्रकल्पाचं शीर्षक लिहिताना हे ध्यानात ठेवा.

या एकाच जाळीत डोपंट बदलला की काम कसं बदलतं, याचं उदाहरण आपल्या भागातच उभं राहतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या लेझरची सुरुवात नियोडिमियम घातलेल्या यॅगच्या छोट्या स्फटिकातून होते, १०६४ नॅनोमीटरला. सेरियम घातला की तीच जाळी सिंटिलेटर होते.

वजनं

पद्धत ज्वलन-संश्लेषणाची. के. सी. पाटील आणि जे. जे. किंग्सले यांनी १९८८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून ती प्रसिद्ध केली. धातूंची नायट्रेटं आणि युरिया एकत्र तापवली की मिश्रण स्वतःच्या उष्णतेने पेट घेतं आणि काही मिनिटांत ऑक्साइडची फुललेली पावडर हाती येते. कॉलेजच्या भट्टीत जमेल अशी ही पद्धत आहे.

इट्रियमच्या एक टक्का जागी सेरियम घालायचा आहे. ०.००५ मोलच्या बॅचला, म्हणजे सुमारे २.९८ ग्रॅम पावडरीला, हे लागेल :

इट्रियम नायट्रेट हेक्साहायड्रेट ५.६८८ ग्रॅम
ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ९.३७८ ग्रॅम
सेरियम नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.०६५१ ग्रॅम
युरिया ६.००६ ग्रॅम

युरियाचा आकडा कुठून आला? प्रत्येक नायट्रेटची ऑक्सिडीकरण क्षमता १५ धरतात, युरियाची क्षपण क्षमता ६. इट्रियम-सेरियमचे तीन आणि ॲल्युमिनियमचे पाच मिळून आठ नायट्रेट, म्हणजे १२०. भागिले ६, म्हणजे एका मोल यॅगला २० मोल युरिया. डोपंट बदलला किंवा इंधन म्हणून ग्लायसीन घेतलं तर हाच हिशोब पुन्हा करा, दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा उचलू नका.

युरिया प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या. कृषी सेवा केंद्रातला युरिया नीमकोटेड असतो. त्यावरच्या तेलामुळे इंधनाचं प्रमाण बिघडतं आणि शुद्धतेची खात्री राहत नाही.

पाण्याबाबत मी फार काटेकोर आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे, बोअरचं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. साधं फिल्टर केलेलं पाणीही चालणार नाही, डिस्टिल्डच हवं. लोहाचा अंश तर चमक खाऊन टाकतो. उन्हाळ्यात खिडकीतून येणाऱ्या काळ्या मातीच्या धुळीतही लोह असतं, म्हणून वजनं करताना पंखा बंद आणि खिडकी लावलेली असू द्या. लोखंडी चमचा, गंजलेला चिमटा टेबलावर नको.

सेरियमचे ६५ मिलिग्रॅम तराजूवर थेट मोजण्यापेक्षा द्रावण करून घ्या : ०.४३४२ ग्रॅम सेरियम नायट्रेट १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे ०.०१ मोलर. त्यातले १५ मिलिलिटर पिपेटने घातले की नेमकं एक टक्का होतं. पुढे ०.२, ०.५, २, ३ टक्क्यांची मालिका करताना पिपेटचा आकडा तेवढा बदलतो. इट्रियम त्या प्रमाणात कमी करायला विसरू नका.

पावसाळ्यात इट्रियम नायट्रेट हवेतलं पाणी पितं आणि ५.६८८ ग्रॅममध्ये इट्रियम किती, हे सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर मी इट्रियम ऑक्साइड घेण्याचा सल्ला देईन. ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून कोरडं करा, थंड होताच १.६७७ ग्रॅम वजन करा, नायट्रिक आम्लात गरम करून विरघळवा आणि जादा आम्ल वाफवून काढा. आम्ल उरलं तर ऑक्सिडायझर वाढतो आणि युरियाचा हिशोब कोलमडतो.

पेटवणं

सगळे घटक कमीत कमी पाण्यात विरघळवा, द्रावण स्वच्छ होईपर्यंत ढवळा. गढूळपणा दिसला तर पुढे जाऊ नका, कारण घटक अणूपातळीवर मिसळणं हाच या पद्धतीचा फायदा आहे. मोठ्या चायना डिशमध्ये ओता. पावडर कित्येक पटींनी फुगते, म्हणून डिश एक चतुर्थांशच भरा. मफल भट्टी आधी ५०० अंशांवर स्थिर करा, मग डिश आत ठेवा.

द्रावण उकळतं, घट्ट होतं, फेसाळतं आणि एकदम ज्योत धरतं. तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आणि फुप्फुसाला घातक. भट्टी फ्यूम हूडखाली असावी किंवा खोलीला चांगला एक्झॉस्ट असावा. चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड हातमोजे. एकट्याने हा टप्पा करू नये. पहिल्यांदा अर्धी बॅच घ्या.

डिश थंड झाल्यावर हलकी, जाळीदार पावडर मिळते. अगेटच्या खलात कुटा, लोखंडी खलबत्त्यात नाही.

भाजणं

ज्वलनानंतरची पावडर बहुतेक वेळा अर्धवट स्फटिकी असते. १००० ते १२०० अंशांवर तीन-चार तास भाजली की गार्नेटची जाळी नीट बसते. इथे सेरियमचा खरा प्रश्न उभा राहतो. हवेत भाजलं की सेरियमचा काही भाग तीन धनभारावरून चारवर जातो. चार धनभाराच्या सेरियमकडे ४-एफ इलेक्ट्रॉन उरतच नाही, त्यामुळे निळा प्रकाश टाकून तो चमकत नाही.

हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण वाहवता येत असेल तर ते उत्तम. नसेल तर दुहेरी क्रूसिबल करा. लहान ॲल्युमिना क्रूसिबलमध्ये पावडर, त्यावर झाकण. ते मोठ्या क्रूसिबलमध्ये ठेवून भोवती लाकडी कोळशाचे तुकडे दाबून भरा आणि मोठ्यालाही झाकण लावा. कोळसा आतला ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. हा वायू वासावरून कळत नाही, म्हणून एक्झॉस्ट सुरू आहे याची खात्री करूनच भट्टी लावा आणि बंद खोलीत थांबू नका. पावडर करडी निघाली तर ६०० अंशांवर हवेत थोडा वेळ ठेवा, काजळी जळून जाते.

लाइटचं वेळापत्रक बघून भट्टी लावा. भाजणं सुरू असताना लाइट गेली तर तापमान-वेळेची नोंद अर्धवट राहते, शिवाय भट्टी थंड होताना हवा आत शिरून पुन्हा ऑक्सिडीकरण होतं. असा नमुना मालिकेत धरू नये. एकाच मालिकेचे सगळे नमुने शक्यतो एकाच भाजणीत, शेजारी शेजारी ठेवावेत. तरच सेरियमच्या प्रमाणाचा परिणाम वेगळा दिसेल.

डोळ्यांनी पाहणं

मोठं यंत्र गाठण्याआधी बरंच काही डोळ्यांनीच कळतं. दिवसाच्या प्रकाशात पावडर लिंबासारखी पिवळी दिसली पाहिजे, कारण तीन धनभाराचा सेरियम निळा रंग शोषतो. पांढरट राहिली असेल तर सेरियम जाळीत बसलेला नाही किंवा चार धनभाराचा झाला आहे.

मग निळी एलईडी टॉर्च घ्या, ४५० ते ४६० नॅनोमीटरची, आणि पिवळ्या फिल्टरमधून बघा. अनेकांची गफलत इथे होते. नोटा तपासायची ३६५ नॅनोमीटरची टॉर्च ते पावडरीवर मारतात, फिकट चमक पाहून निराश होतात आणि नमुना फेकतात. सेरियम-यॅग ३४० आणि ४६० च्या आसपास शोषतो, मधल्या भागात त्याचं शोषण कमी असतं. टॉर्च चुकीची असते, पावडर नाही.

तुलनेसाठी बंद पडलेला पांढरा एलईडी बल्ब उघडा. आतल्या पट्टीवरच्या पिवळ्या ठिपक्यांत बहुधा याच कुळातला फॉस्फर असतो. तुमची पावडर त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

निळ्या टॉर्चचा आणखी एक फायदा आहे. भाजणं कमी पडलं तर इट्रियम-ॲल्युमिनियमच्या दुसऱ्या जाळ्याही तयार होतात. त्यातल्या पेरोव्स्काइट जाळीतला सेरियम ३७० नॅनोमीटरच्या आसपास उत्सर्जन करतो आणि निळ्याने उत्तेजित होत नाही. म्हणून निळ्याखाली दिसणारी पिवळी चमक गार्नेटचीच खूण असते.

एक्सरे डिफ्रॅक्शन आणि फोटोल्युमिनेसन्स

तांब्याच्या एक्सरे नळीने घेतलेल्या डिफ्रॅक्शनच्या आलेखात गार्नेटचं सर्वांत मोठं शिखर ३३.३ अंशांजवळ हवं. ३४.२ जवळ पेरोव्स्काइट, २८.५ जवळ सुटा सेरियम ऑक्साइड शोधा. सेरियमचा आयन इट्रियमपेक्षा मोठा आहे, १.१४ अँगस्ट्रॉम विरुद्ध १.०२, म्हणून तो जाळीत थोडाच मावतो. टक्केवारी वाढवत गेलात की २८.५ चं शिखर डोकं वर काढतं. मात्र एक टक्क्याला ते दिसलं नाही म्हणून सगळा सेरियम आत गेला असं समजू नका, यंत्राची संवेदनशीलता तेवढी नसते.

फोटोल्युमिनेसन्सच्या स्पेक्ट्रममध्ये ५०० ते ६५० नॅनोमीटर दरम्यान रुंद, दोन उंचवट्यांचा पट्टा येतो. सेरियमची तळाची पातळी दोन भागांत फुटलेली असल्याने ते उंचवटे येतात. ३४० ने उत्तेजित केलं तर ६८० ला दिव्याचाच दुसऱ्या क्रमाचा खोटा पट्टा दिसू शकतो, फिल्टर लावा. सेरियम वाढवला की पट्टा थोडा लालकडे सरकतो आणि एका मर्यादेपुढे तीव्रता पडते.

ट्रॅप मोजणं

मधली कडी तपासण्याचं कॉलेजच्या आवाक्यातलं साधन म्हणजे थर्मोल्युमिनेसन्स. नमुन्याला किरणांचा ठरावीक डोस द्या, मग एकसारख्या गतीने, समजा सेकंदाला ५ अंश, तापवत न्या. ज्या तापमानाला ट्रॅपमधले इलेक्ट्रॉन सुटतात तिथे प्रकाशाचं शिखर येतं.

रुग्णालयात एक्सरे किंवा रेडिओथेरपीच्या विभागात काम करणारे छातीला किरणांचा डोस मोजणारा जो टीएलडी बिल्ला लावतात, त्यात डिस्प्रोसियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. तिथे खोल ट्रॅप हवे असतात, कारण डोसची आठवण महिनोन्महिने टिकायला हवी. सिंटिलेटरमध्ये उलटं. खोल ट्रॅपमध्ये गेलेली प्रत्येक जोडी प्रकाशाच्या हिशोबातून वजा होते, आणि खोलीच्या तापमानाजवळचे उथळ ट्रॅप उशिरा प्रकाश सोडून मागे रेंगाळणारी चमक ठेवतात. सीटी स्कॅनमध्ये ही चमक पुढच्या प्रतिमेवर भूत होऊन उमटते. म्हणून तिथले गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचे सिरॅमिक ही चमक दाबण्यासाठी सेरियमसारख्या सह-डोपंटनेही घडवलेले असतात.

यॅगमधले मुख्य गुन्हेगार दोन : ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, आणि ॲल्युमिनियमच्या जागी जाऊन बसलेला इट्रियम. दुसरा दोष वितळवून वाढवलेल्या स्फटिकात जास्त असतो, कारण तिथलं तापमान फार उंच. कमी तापमानाला बनलेल्या पावडरीत आणि सिरॅमिकमध्ये तो कमी असू शकतो, आणि या बाबतीत कॉलेजची पावडर महागड्या स्फटिकाशी तुलना करण्यासारखी असते. ॲल्युमिनियमचा काही भाग गॅलियमने बदलून उथळ ट्रॅप निष्प्रभ करता येतात. प्रकल्पात नवं काही करायचं असेल तर मी हीच वाट सुचवीन : दोन-तीन गॅलियम प्रमाणं, बाकी सगळं सारखं, आणि प्रत्येकाचा थर्मोल्युमिनेसन्स आलेख.

गोळी

१३ मिलिमीटरच्या साच्यात गोळी दाबता येते, पण ११००-१२०० अंशांवर ती खडूसारखी अपारदर्शकच राहील. पारदर्शक यॅग सिरॅमिकला निर्वातात १७०० अंशांच्या वरची भाजणी आणि थोडं सिलिका लागतं. आतलं एकेक छिद्र प्रकाश विखुरतं. ते कॉलेजात होणार नाही. अल्फाच्या चाचणीला ते लागतही नाही.

शेवटची कसोटी : किरण

अल्फा कण यॅगमध्ये वीस मायक्रोमीटरच्या आसपासच जातो. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० मिलिग्रॅम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून काचेच्या चकतीवर निथळू द्या. त्याहून जाड थर स्वतःचाच प्रकाश अडवतो. चकती फोटोमल्टिप्लायरवर (मंद प्रकाशाचा विद्युत पल्स करणाऱ्या ट्यूबवर), वर अमेरिशियम-२४१ चा स्रोत, सगळं काळ्या पेटीत. स्रोत विभागाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या ताब्यातला, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत बसणारा असावा. धूरशोधक यंत्र फोडून अमेरिशियम काढण्याचा विचारही करू नका.

दोन दुरुस्त्या केल्याशिवाय आकडा लिहू नये. पहिली, नेहमीचा फोटोमल्टिप्लायर ४०० नॅनोमीटरजवळ सर्वांत संवेदनशील असतो, ५५० ला बराच मंद. यॅग आणि सोडियम आयोडाइडचे पल्स तसेच शेजारी ठेवले तर यॅग उगाच हलका ठरतो. ट्यूबच्या संवेदनशीलतेच्या वक्राने दोन्ही आकडे भागून घ्या. दुसरी, अल्फाच्या दाट मार्गात बऱ्याच जोड्या प्रकाश न देताच संपतात, म्हणून अल्फाने मिळालेला प्रकाश गॅमाच्या आकड्याशी थेट ताडून बघू नये. अल्फाची तुलना अल्फाशीच.

फोटोमल्टिप्लायर नसेल, पण एक्सरेने उत्तेजित करून स्पेक्ट्रम घेण्याची सोय कुठे मिळत असेल, तर संदर्भ म्हणून जुन्या एक्सरे कॅसेटमधला हिरवा चमकणारा पडदा वापरा. डिजिटल यंत्रं आल्यापासून अशा कॅसेट अनेक रुग्णालयांत अडगळीत पडल्या आहेत, रीतसर मागितल्या तर मिळू शकतात. हिरवे पडदे टर्बियम घातलेल्या गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचे, ५४५ नॅनोमीटरजवळ चमकणारे. निळे असतील तर पदार्थ दुसरा. यॅगच्या पट्ट्याजवळ असल्याने हिरवा पडदा तुलनेला सोयीचा. त्याचं क्षेत्रफळ आणि तुमच्या चकतीचं क्षेत्रफळ सारखं ठेवा.

मोजणी बाहेर करायची असेल तर यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम या विद्यापीठांना संशोधनाच्या सोयी देणाऱ्या संस्थेच्या इंदूर, मुंबई किंवा कोलकाता केंद्राकडे विद्यापीठामार्फत प्रस्ताव जातो. नमुना पाठवताना कुपीवर सेरियमची टक्केवारी, भाजणीचं तापमान, तास आणि वातावरण लिहा. मालिकेसोबत सेरियम न घातलेल्या, पण त्याच भाजणीतून निघालेल्या यॅगची एक कुपी जरूर पाठवा. त्या कुपीतूनही किरणाखाली प्रकाश आला तर तो दोषांचा किंवा अशुद्धीचा आहे, आणि तेवढा भाग बाकीच्या नमुन्यांच्या आकड्यातून वेगळा काढावा लागेल.